वाचकांचे प्रश्न: क्वार्टर महाग झाली, पंधराशे आले, आता हिशोब मांडूया

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की सरकारला दवाखाने, शाळा, पेन्शनी, अनुदानं सगळं चालवायचं असेल तर खरेदीवरचा कर वाढवणं हा सगळ्यात सोपा रस्ता, आणि तो दरवेळी वाईटच असतो असं काही नाही. बस्स, एवढंच. त्यावर जे मेसेज आलेत ते बघून संपादकांनी फोन करून विचारलं की तुम्ही नक्की काय लिहिलं होतं, आम्ही न वाचताच छापलं की काय. असो. काही मेसेज इथे छापण्यासारखे नाहीत, जे आहेत त्यातले सहा घेतलेत. मी सांगलीतला साधा कर सल्लागार आहे, अर्थशास्त्रज्ञ नाही, पण आकडेमोड रोजची आहे, त्यामुळे जिथे जमेल तिथे आकडे मांडून बोलतो.

प्रश्न: लाडकी बहीणचे १५०० मला येतात. माझे मिस्टर रोज एक क्वार्टर घेतात. दारू महाग झाल्यापासून ते घरातून जास्त पैसे मागतात. गल्लीत सगळे म्हणतात की दारूवर कर वाढवून तोच पैसा बायकांना देतात. मग मला मिळालं काय? (एक ताई, जालना जिल्हा)

ताई, तुमचा मेसेज वाचला आणि आधी कॅल्क्युलेटर घेतला. झालं काय ते पहिलं सांगतो. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, त्यात विदेशी म्हणून जी दारू इथेच बनते तिच्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तिप्पट होतं ते साडेचार पट केलं. देशीवरचं पण वाढवलं, पण थोडं. आणि १८० मिलीच्या बाटलीचा कमीत कमी भाव ठरवून दिला, देशी ८० रुपये, ती नवीन 'महाराष्ट्र मेड लिकर' म्हणून धान्याची काढलीय ती १४८, विदेशी २०५. आधी देशी ७० ला होती आणि विदेशी १२० ते १५० च्या मध्ये.

आता तुमच्या घरातलं गणित. मिस्टर देशी घेत असतील तर रोजचे १० रुपये वाढले, महिन्याचे ३००. तुमचे १५०० तरीही १२०० नी पुढे. पण ते १३० वाली विदेशी घेत होते आणि ब्रँड सोडायला तयार नसतील तर रोजचे ७५ वाढले, महिन्याचे २२५०. म्हणजे सरकारने एका हाताने १५०० दिले आणि तुमच्या घरातून २२५० जास्त गेले, तुम्ही ७५० रुपये खड्ड्यात. गल्ली बरोबर बोलतेय की चूक हे मिस्टर कुठली घेतात त्यावर आहे बघा!

दुसरी गोष्ट, तोच पैसा बायकांना देतात हे कागदावर तसं नाहीये. दारूचा पैसा, गाडीचा टॅक्स, जीएसटीतला राज्याचा वाटा, सगळं एकाच तिजोरीत पडतं आणि तिथून सगळे खर्च होतात. दारूवाढीतून वर्षाला १४,००० कोटी जास्त येतील असं सरकारने सांगितलं. लाडकी बहीण जाहीर झाली तेव्हा वर्षाचा खर्च ४६,००० कोटी सांगितला होता, पुढच्या २०२५-२६ च्या बजेटात ३६,००० कोटी धरले. म्हणजे दारूचा सगळाच्या सगळा वाढीव पैसा ओतला तरी निम्मापण खर्च निघत नाही, बाकीचा इतर करांतून आणि कर्जातून. त्यामुळे मिस्टरांनी कधी 'तुझे पैसे माझ्यामुळेच येतात' असं म्हटलं (म्हणतातच, मला दोन बायकांनी सांगितलंय) तर हा आकडा तोंडावर मारा.

आता माझं मत. दारू-तंबाखूवर कर लावणं सगळ्या सरकारांना आवडतं कारण कोणी रस्त्यावर उतरून 'दारू स्वस्त करा' म्हणत नाही (बारवाल्यांनी जुलै २०२५ मध्ये बंद पाळला होता, पण त्यांच्यासाठी कोण रडणार) आणि दुसरं कारण जास्त बेरकी आहे, की ज्याला सवय लागलीय तो भाव वाढला म्हणून लगेच सोडत नाही, त्यामुळे पैसा हमखास येतो. म्हणजे आरोग्यासाठी कर वाढवला असं म्हणायचं आणि बजेट मात्र लोक पीत राहतील हे धरून मांडायचं. थायलंडने २००१ साली जे केलं ते मला पटतं, दारू आणि तंबाखूच्या करावर दोन टक्के जास्तीचे लावले आणि तो पैसा थेट आरोग्याचं काम करणाऱ्या वेगळ्या निधीला, व्यसन कमी करणं हे त्या निधीच्या मुख्य कामांतलं एक. आपल्याकडे १४,००० कोटींतले दोन टक्के म्हणजे २८० कोटी होतात. एवढ्यात तालुक्या-तालुक्यात व्यसनमुक्तीचं बरंच काम उभं राहील, आणि तुमच्यासारखीला पंधराशेपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल असं मला वाटतं, चूक असेन तर सांगा.

आणि हो, गावात दुकान नकोच असेल तर आडवी बाटलीचा रस्ता आहेच. महिलांच्या सह्या गोळा करून अर्ज द्यायचा, मग मतदान, एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त आडव्या बाटलीला पडल्या की दुकान बंद. सोपं नाही, निम्म्या बायका त्या दिवशी रोजगार सोडून यायला पाहिजेत, पण बऱ्याच गावांनी केलंय.

प्रश्न: खरेदीवरचा कर म्हणजे गरिबाच्या खिशाला कात्री. अंबानी पण साबणावर ५ टक्के देणार आणि माझी कामवाली पण ५ टक्के. याला तुम्ही चांगलं कसं म्हणता? (एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

सर, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे आणि तो अर्धा आधी मान्य करतो. गरीब माणूस कमावतो ते सगळं खर्च करतो, श्रीमंत माणूस बराचसा साठवतो, आणि खर्चावर कर असेल तर साठवलेल्यावर तो लागत नाही. बरोबर?

धरून चला एक घर महिन्याला २०,००० कमावतं आणि सगळे खर्च करतं. आपल्याकडे सुटं धान्य, भाजी, सुटं दूध, घरभाडं, शाळेची फी, दवाखाना यावर जीएसटी नाही, साबण-तेल-चहा-साखरेवर ५ आहे, रिचार्जवर १८. सगळं मिळून सरासरी ५ टक्के पकडू, म्हणजे १००० रुपये कर. दुसरं घर २ लाख कमावतं, ८०,००० खर्च करतं, त्यांच्या खर्चात हॉटेलं, एसी, गाडी वगैरे असल्यामुळे सरासरी १० टक्के पकडू, म्हणजे ८००० कर. आता कमाईच्या हिशोबात पहिल्याने ५ टक्के दिले, दुसऱ्याने ४ टक्के. झाला ना अन्याय? तुमचं म्हणणं इथपर्यंत शंभर टक्के खरं.

पण सर तुम्ही इथेच थांबता. दोघांचे मिळून ९००० जमले. ते जर दोघांना सारखं मिळेल अशा गोष्टीवर लागले, म्हणजे सरकारी दवाखाना, गावातली शाळा, एसटी, तर प्रत्येक घराच्या वाट्याला ४५०० ची सेवा आली. पहिल्याने दिले १०००, मिळाले ४५००. दुसऱ्याने दिले ८०००, मिळाले ४५००. आता सांगा कोणाच्या खिशाला कात्री लागली. आणि तेच ९००० घेऊन असा फ्लायओव्हर बांधला ज्यावरून फक्त दुसऱ्या घराची गाडी जाते, तर मग गरिबाला लुटलं, तिथे मी तुमच्या बाजूने. म्हणून मला कोणी नुसता दर सांगितला की मी विचारतो बाबा तो पैसा पुढे कुठे गेला ते सांग, त्याशिवाय मत देता येत नाही.

डेन्मार्कचं बघा. तिथे खरेदीवर सरसकट २५ टक्के, ब्रेडवर पण, दुधावर पण, आपल्यासारखे वेगवेगळे दर नाहीतच जवळपास. आपल्याकडे असं केलं तर सरकार दुसऱ्या दिवशी पडेल. पण तिथे डॉक्टरकडे गेलं की पैसे नाहीत, कॉलेजची फी नाही, म्हातारपणी पेन्शन आहे, म्हणून लोक २५ टक्के देतात, कुरकुरत देतात पण देतात. आपल्याकडे १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केलेत, केस पेपरचे पैसे पण नाहीत. चांगली गोष्ट. पण औषध बाहेरून आणा अशी चिठ्ठी हातात मिळाली की त्या माणसाला तो १००० रुपयांचा कर टोचतो, आणि टोचणारच.

उलट बाजू पण लिहितो. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे १२ आणि २८ चे टप्पे गेले, साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ वरून ५ वर, तूप-लोणी-फरसाण १२ वरून ५ वर, वह्या-पेन्सिली शून्यावर, स्वतःच्या आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर शून्य. मी पण खूश झालो, विम्याचा हप्ता माझा पण आहे. त्या वेळी केंद्राने अंदाज दिला होता की यात ४८,००० कोटींचा महसूल कमी होईल. आमच्या कट्ट्यावर दहा जण होते, साबण कितीला झाला ते सगळ्यांनी सांगितलं, पण हे ४८,००० कोटी कुठल्या खर्चातून कमी करणार असं एकानेपण विचारलं नाही. मीपण नाही विचारलं, खोटं कशाला बोला.

प्रश्न: घराचं काम चाललंय. टाइल्सवाल्याने विचारलं पक्कं बिल पाहिजे की कच्चं, कच्च्यात १८ टक्के वाचतील. मी कच्चं घेतलं. एवढा काय मोठा गुन्हा? सगळेच घेतात. (नाव नको, पुणे)

नाव देऊ नकाच. टाइल्स ६०,००० च्या असतील तर तुमचे १०,८०० वाचले, त्यातले ५४०० केंद्राचे होते आणि ५४०० महाराष्ट्राचे. एका लाडक्या बहिणीचे साडेतीन महिने. शिवाय बॉक्समध्ये चार फुटक्या निघाल्या तर त्या दुकानदाराला तुम्ही काय दाखवणार, पाठकोऱ्या पावतीवर पेनाने लिहिलेला आकडा? आणि तुम्हाला तो १८ चे १८ सोडतोय कशावरून, बऱ्याचदा १० सोडतात आणि ८ खिशात.

मी उपदेश करत नाही कारण दोन वर्षांपूर्वी मी स्वतः पाण्याच्या मोटरला कच्चं बिल घेतलंय, कर सल्लागार असून. मोटर सहा महिन्यांत जळली. बायको अजून विचारते, तुमचं पक्कं बिल कुठाय.

प्रश्न: पगारातून दर महिन्याला २०० रुपये प्रोफेशनल टॅक्स कापतात, फेब्रुवारीत ३००. एचआरला विचारलं हा कशासाठी, तो म्हणाला सगळ्यांचाच कापतात. तुम्ही नेहमी लिहिता कर कशासाठी ते विचारा, तर विचारतोय. (सोलापूर)

तुम्ही अशा जागी बोट ठेवलंत ना की त्यावर मी अख्खा अंक लिहू शकतो. बरोबर, हा खरेदीवरचा कर नाही, पण एखाद्या कामाचं नाव लावून कर घेतला की पुढे त्याचं काय होतं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण महाराष्ट्रात नाही, आणि याच्याबरोबर विक्रीकरावरचा अधिभार पण होता, म्हणून घेतो.

हे २०० रुपये रोजगार हमीसाठी आहेत. हो, तीच रोहयो, खडी फोडणं, नाला बंडिंग, पाझर तलाव. ती कल्पना आमच्या सांगली जिल्ह्यातली, तासगाव तालुक्यात विसापूरला, वि. स. पागे यांनी तिथे आधी करून बघितली, ते विधान परिषदेचे सभापती म्हणून बरीच वर्षं होते. मग १९७२ चा दुष्काळ आला आणि राज्यभर कामं काढावी लागली, माझे वडील सांगायचे की आमच्या भागातले चांगले बागायतदारपण खडी फोडायला बसले होते. पण नुसतं दुष्काळी काम वेगळं आणि मागेल त्याला काम हा हक्क वेगळा, हक्क द्यायचा तर दरवर्षीचा पक्का पैसा पाहिजे. तेव्हा १९७५ ला व्यवसाय कर आणला, पगारदार, डॉक्टर, वकील, व्यापारी सगळ्यांवर, शिवाय विक्रीकरावर अधिभार, मोटार वाहनांवर जास्तीचा कर, बागायत जमिनीवर विशेष आकारणी, आणि जेवढे जमतील तेवढेच राज्याने स्वतःचे त्यात घालायचे. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून.

आता विचार करा हे त्या काळी पचलं कसं. मुंबई-पुण्यातल्या कारकुनाच्या पगारातून पैसे कापून बीड-उस्मानाबादच्या मजुराला द्यायचे, आज असं कोणी म्हणालं तर सोशल मीडियावर काय होईल! पण तेव्हाच्या मुंबईकराने ७२ च्या दुष्काळात गावाकडून आलेले लोंढे बघितले होते, त्याचा स्वतःचा भाऊ गावाला होता, आणि काम कशाचं निघतंय ते दिसत होतं. कर आणि काम एकमेकांना दिसत होते म्हणून तो चालला, असं माझं मत.

आणि इथेच गोष्ट बिघडते. २००५ ला केंद्राने आपलीच कल्पना घेऊन देशभराचा कायदा केला आणि अकुशल मजुरीचा पैसा केंद्राकडून यायला लागला. महाराष्ट्राचा बोजा हलका झाला. तुमच्या पगारातले २०० हलके झाले का? नाही. वर्षाचे २५०० हीच घटनेने घातलेली मर्यादा आहे, आपण ती गाठून बसलोय. (एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना मात्र माफ केलाय, तुमच्या ऑफिसात कोणा ताईंचा अजून कापत असतील तर सांगा त्यांना.) गंमत म्हणजे तुमच्या एचआरच्या पोराला हे माहीतच नाही की तो दर महिन्याला सगळ्यांची रोजगार हमी कापतोय, त्याच्यासाठी ती सॉफ्टवेअरमधली एक लाइन आहे.

असे नाव लावलेले कर किती आठवायचे. एसटीच्या आणि बेस्टच्या जुन्या तिकिटावर बालपोषण अधिभार १५ पैसे असायचा, कंडक्टरला विचारलं कुठल्या बाळाचं पोषण तर तो म्हणायचा पुढे सरका. २०१५ ला दुष्काळ पडला म्हणून १ ऑक्टोबरपासून पेट्रोल-डिझेलवर लिटरला २ रुपये लावले, दारू, सिगारेट, कोल्ड्रिंक, सोनं यांवर पण वाढवलं, १६०० कोटी उभे करायचे होते. पुढच्या वर्षी २०१६ ला पाऊस बरा झाला, नदीनाले वाहिले, आणि पेट्रोलवरचे ते २ रुपये? २०१७ ला उलट आणखी ३ वाढवले, कारण कोर्टाने हायवेवरची दारूची दुकानं बंद केली आणि तो महसूल बुडाला. दारूचा खड्डा पेट्रोलने भरला! स्कूटरवरून शाळेत जाणाऱ्या बाईंचा आणि हायवेवरच्या बारचा काय संबंध मला अजून कळलेला नाही.

दिल्लीचं पण तेच. २०१६-१७ चं हॉटेलचं बिल कोणाकडे असेल तर काढा, सर्व्हिस टॅक्स १४ टक्के, खाली स्वच्छ भारत सेस अर्धा टक्का, त्याच्या खाली कृषी कल्याण सेस अर्धा टक्का. आपण डोसा खाल्ला आणि त्यात शेतकऱ्याचं कल्याण आणि देशाची स्वच्छता दोन्ही झालं. नावं छान होती. पण केंद्राचा सेस राज्यांमध्ये वाटावा लागत नाही, साधा कर वाटावा लागतो, हे त्या छान नावांमागचं एक मोठं कारण होतं, ते बिलावर छापत नाहीत.

तुम्ही विचाराल मग नाव लावून कर घेऊच नये का. घ्यावा, मला नाव लावलेलाच आवडतो, पण मग हिशोबपण त्याच नावाने द्यावा. बायको किराण्यासाठी म्हणून दोन हजार घेते तेव्हा मी संध्याकाळी किराणा कुठाय विचारतो (आणि तीपण मला विचारते, जास्त कडक), तेवढंच. वर्षाला एक कागद, व्यवसाय कर एवढा जमला, रोजगार हमीवर एवढा लागला, एवढा उरला, उरलेला इकडे गेला. पगाराच्या स्लिपच्या मागे छापला तरी चालेल.

प्रश्न: टोकियोत निशीकासाईला राहतो, आयटीत आहे. इथे कन्झम्प्शन टॅक्स १० टक्के. निवडणूक आली की सगळे पक्ष तो कमी करू म्हणतात. ऑफिसमधले म्हातारे जपानी सहकारी म्हणतात हा पैसा आमच्या पेन्शनचा आहे, हात लावू नका. मला मत नाही पण टॅक्स आहे. नक्की काय समजू? (एक वाचक, मूळ ठाणे)

वा, आमचा अंक निशीकासाईला पोचतो हे वाचून संपादकांनी पेढे आणले. जपानचं प्रकरण मी आवडीने वाचतो कारण खरेदीवरचा कर वाढवून म्हाताऱ्यांची सोय करायची हा प्रयोग तिथे सरळ सरळ, कायद्यात लिहून केलाय.

१९८९ च्या एप्रिलला ३ टक्क्यांनी सुरू झाला, आणि त्याच वर्षी वरच्या सभागृहाच्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांचं बहुमत गेलं. १९९७ ला ५. मग सतरा वर्षं कर वाढला नाही. २०१२ ला नोडा पंतप्रधान होते, त्यांनी विरोधकांना बरोबर घेऊन कायदा केला की कर आधी ८ आणि मग १० करायचा आणि केंद्राच्या वाट्याचा पैसा चारच कामांना, पेन्शन, दवाखाना, वृद्धांची देखभाल आणि मुलं. कायदा ऑगस्टमध्ये पास झाला, डिसेंबरमध्ये त्यांचा पक्ष निवडणुकीत भुईसपाट. ८ टक्के झाले एप्रिल २०१४ ला पंतप्रधान आबेंच्या काळात, लोकांनी मार्चमध्येच फ्रिज-वॉशिंग मशीन घेऊन ठेवले आणि एप्रिलपासून दुकानं ओस, अर्थव्यवस्था आपटली, त्या धसक्याने १० टक्के दोनदा पुढे ढकलून शेवटी १ ऑक्टोबर २०१९ ला केले. खाण्यापिण्याच्या वस्तूंवर ८ च ठेवले, म्हणून तर कोंबिनीत (म्हणजे तिथलं कोपऱ्यावरचं दुकान) ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, घेऊन घरी गेलात तर ८ आणि तिथल्याच स्टुलावर बसून खाल्लीत तर १०. (आपल्या हॉटेलवाल्यांना हे सांगू नका.)

तर तुमचे म्हातारे सहकारी बरोबर बोलतायत, पैसा खरंच त्यांच्या पेन्शनला आणि दवाखान्याला बांधलेला आहे. पण अर्धंच सांगतायत. एक तर हा सगळा पैसा घालूनसुद्धा तो खर्च भागत नाही, वरचे पैसे सरकार रोखे काढून कर्जाने आणतं, म्हणजे बिल आत्ताच्या लहान मुलांच्या नावाने फाडणं चालूच आहे. आणि दुसरं, २०१९ च्या वाढीतला मोठा वाटा म्हाताऱ्यांना नाही, मुलांना दिला, त्याच ऑक्टोबरपासून ३ ते ५ वर्षांच्या मुलांची होइकुएनची (पाळणाघर-बालवाडीची) फी माफ झाली. तुम्ही मेसेजच्या शेवटी लिहिलंय की मुलगी चार वर्षांची आहे. मग साहेब तुम्ही जेवणाचे पैसे सोडून तिची फी देत नसणार! तो १० टक्क्यांतला तुमचा परतावा, मत नसलं तरी.

जुलै २०२५ च्या निवडणुकीत विरोधी पक्षांनी कर कमी करा यावरच जोर लावला आणि सत्ताधारी आघाडीचं वरच्या सभागृहातलं बहुमत गेलं, म्हणजे १९८९ सारखंच पुन्हा. महागाईत तांदळाचा भाव बघून माणूस कर कमी मागणारच, मी पण मागितला असता. फक्त जो पुढारी कमी करतो म्हणेल त्याला त्या चार कामांपैकी कुठल्या कामाचे पैसे कमी करणार एवढं एक विचारायला ऑफिसातल्यांना सांगा. तुम्ही भारतात मत टाकायला याल तेव्हा इथे पण विचारा.

प्रश्न: सर मी सेकंड इयरला आहे, कमवत नाही. घरी बजेटवर काही बोललं की काका म्हणतात, टॅक्स आम्ही भरतो, तू आधी कमव मग बोल. त्यांना काय उत्तर देऊ? (नाशिक)

तू मोबाइलला रिचार्ज मारतोस ना? ३४९ चा असेल तर त्यात १८ टक्के जीएसटी आत धरलेला असतो, म्हणजे ५३ रुपये २४ पैसे. दर २८ दिवसांनी एक, वर्षाला तेरा, झाले ६९२ रुपये. त्यात कॉलेजबाहेरची बिस्किटं, वडापाव जिथे बिल देतात तिथला, पेट्रोलवरचा व्हॅट, गाडी बाबांची असली तरी पेट्रोल तू टाकतोस तेवढं, हे सगळं मिळव. इन्कम टॅक्स न भरणारी माझी आई पण तिच्या औषधाच्या गोळीवर कर देते.

रिचार्जच्या ॲपमध्ये इन्व्हॉइस डाउनलोड होतं, त्यावर सीजीएसटी आणि एसजीएसटी वेगवेगळं लिहिलेलं असतं. ते काकांना पाठव, फॅमिली ग्रुपवर नको, पर्सनलवर पाठव. आणि काका काय म्हणाले ते मला कळव, पुढच्या अंकात छापतो.